चयापचय आणि निरोगी वार्धक्य

चयापचय म्हणजे सजीवांच्या पेशींमध्ये अखंड चालणाऱ्या सर्व रासायनिक प्रक्रियांचा समुच्चय होय. अन्नापासून ऊर्जा मिळवणे, त्या ऊर्जेच्या बळावर शरीराची झीज भरून काढणे, अतिरिक्त ऊर्जा साठवणे व निरुपयोगी द्रव्ये बाहेर टाकणे ही कामे या प्रक्रियांद्वारे होतात. वयोमानानुसार त्यांच्या गतीत आणि परस्परसंतुलनात बदल होत जातात. मधुमेह, स्नायूंची झीज, हाडांचा ठिसूळपणा, हृदयविकार यांसारख्या उतारवयातील अनेक व्याधींचे मूळ या बदलांत आढळते. निरोगी वार्धक्य याचा अर्थ केवळ दीर्घायुष्य असा नाही. स्वतःची कामे स्वतः करता येण्याची क्षमता शेवटपर्यंत टिकणे, हा त्याचा आज सर्वमान्य झालेला अर्थ आहे. प्रस्तुत लेखात या दोन विषयांचा परस्परसंबंध, त्यावर महाराष्ट्रात झालेले संशोधन आणि मराठवाड्यातील आहारविहाराच्या संदर्भात त्याचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

संज्ञा

‘चय’ म्हणजे साठा किंवा वाढ आणि ‘अपचय’ म्हणजे ऱ्हास किंवा विघटन. या दोन शब्दांच्या संधीतून ‘चयापचय’ ही संज्ञा सिद्ध झाली आहे. साध्या रेणूंपासून प्रथिने, मेद यांसारखे गुंतागुंतीचे रेणू तयार होण्याच्या प्रक्रियेस चय, तर मोठ्या रेणूंचे विघटन होऊन ऊर्जा मुक्त होण्याच्या प्रक्रियेस अपचय म्हणतात. व्यवहारात ‘चयापचय’ आणि ‘पचन’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, ते बरोबर नाही. पचन अन्ननलिकेत घडते. पचलेले अन्न रक्तात शोषले गेल्यानंतर पेशींमध्ये जे घडते ते चयापचय.

आयुर्वेदातील अग्नी व धातू या संकल्पनांशी चयापचयाची तुलना अनेकदा केली जाते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ‘रसायन’ अथवा ‘जराचिकित्सा’ हे अंग वार्धक्याशीच संबंधित आहे. मात्र जठराग्नी म्हणजेच चयापचय असे समीकरण मांडणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे आहे. दोहोंची परिभाषा वेगळी आणि पडताळ्याची रीतही वेगळी आहे.

अभ्यासाचा इतिहास

इटलीतील वैद्य सांतोरियो सांतोरियो (१५६१–१६३६) यांनी तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन, खाल्लेले अन्न व उत्सर्जित पदार्थ यांच्या नोंदी सुमारे तीस वर्षे ठेवल्या. खाल्लेल्या अन्नाच्या मानाने बाहेर पडणारे मलमूत्र बरेच कमी भरते, हे त्यांच्या ध्यानात आले. हा फरक शरीरातून नकळत होणाऱ्या उत्सर्जनामुळे पडतो, असे प्रतिपादन त्यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळतो याचे मापन केले. श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलनच आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

पेशींतील ऊर्जेचे चलन मानल्या जाणाऱ्या ‘एटीपी’ या रेणूच्या शोधाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत सायरस फिस्क यांच्यासमवेत स्नायूंतील फॉस्फरसयुक्त संयुगांवर काम केले. १९२९ मध्ये जर्मनीतील कार्ल लोमान आणि फिस्क–सुब्बाराव या दोघांनी स्वतंत्रपणे हा रेणू वेगळा केला. पुढे १९३७ मध्ये हान्स क्रेब्ज यांनी ज्या चक्राचा शोध लावला ते क्रेब्ज चक्र शालेय अभ्यासक्रमातही शिकवले जाते. या शोधाबद्दल त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ऊर्जेचा जमाखर्च

माणूस दिवसभर अंथरुणावर पडून राहिला तरी हृदयाचे ठोके, श्वसन, मेंदूचे कार्य आणि शरीराचे तापमान यांसाठी ऊर्जा खर्च होतच असते. या खर्चाच्या गतीस मूलभूत चयापचय दर म्हणतात. सर्वसाधारण व्यक्तीच्या दैनंदिन ऊर्जाखर्चापैकी ६० ते ७० टक्के हिस्सा याच सदरात जातो. सुमारे दहा टक्के ऊर्जा अन्नाचे पचन व साठवण यांत खर्च होते आणि उरलेली हालचालीसाठी लागते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतील ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटाच वापरतो. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला साधारण तेरा किलोकॅलरी, तर एक किलो मेद चार ते पाच किलोकॅलरी खर्च करतो. त्यामुळे दोन माणसांचे वजन सारखे असले तरी ज्याच्या शरीरात स्नायू अधिक, त्याचा खर्च अधिक असतो.

वयानुसार होणारे बदल

‘तिशी उलटली की चयापचय मंदावते’ अशी समजूत सर्वत्र आढळते. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तिला धक्का दिला. एकोणतीस देशांतील, आठ दिवसांच्या अर्भकापासून पंच्याण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाखर्चाचे त्यात विश्लेषण होते. शरीराचा आकार आणि त्यातील मेदरहित भाग यांचा हिशेब जमेस धरल्यावर असे दिसले की, एक वर्षाच्या बालकाचा ऊर्जाखर्च प्रौढाच्या तुलनेत सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक असतो. पुढे तो विसाव्या वर्षापर्यंत हळूहळू उतरतो. वीस ते साठ या चाळीस वर्षांत तो जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर मात्र दरवर्षी साधारण ०.७ टक्के घट होते आणि नव्वदीनंतर तो मध्यमवयाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरतो.

याचा सरळ अर्थ असा की, चाळिशीत सुटलेल्या पोटाचा दोष चयापचयाच्या माथी मारता येत नाही. तो आहारात, बैठ्या जीवनक्रमात आणि झोपेच्या वेळांत शोधावा लागतो. साठीनंतरची घट मात्र खरी आहे. पेशींतील तंतुकणिकांची कार्यक्षमता उतरते, यकृत, मूत्रपिंड आदी अवयवांचा आकार व ऊर्जेचा वापर घटतो आणि स्नायूंची झीज वेग घेते.

या झिजेला स्नायूक्षय म्हणतात. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारण तीन ते आठ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर हे प्रमाण वाढते, असे सामान्यतः मानले जाते. स्नायूंची ताकद वस्तुमानापेक्षाही जलद घटते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा ग्राहक स्नायूच असल्यामुळे ते घटले की साखरेला जागा उरत नाही, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडू लागतो आणि मधुमेहाचा मार्ग मोकळा होतो. उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागणे, भरलेली घागर न उचलली जाणे, जिना चढताना कठड्याचा आधार घ्यावा लागणे या गोष्टी ‘वय झाले’ म्हणून सोडून दिल्या जातात. वैद्यकीय दृष्टीने ती स्नायूक्षयाची लक्षणे असू शकतात.

तहानेची जाणीवही वयाबरोबर बोथट होते. परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी वृद्ध व्यक्तीने तहान लागण्याची वाट पाहणे धोक्याचे ठरते.

पुण्यातील संशोधन

भारतीयांच्या चयापचयाविषयीचे अत्यंत महत्त्वाचे काम पुण्यात झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचे पोषण व त्यांच्या अपत्यांचे आरोग्य यांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. या गावांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे तेच वजन सुमारे ३.५ किलो होते. वजनातील हा फरक अपेक्षितच होता. अनपेक्षित गोष्ट अशी की, पुण्याच्या बालकांत स्नायू व अवयवांची वाढ बरीच कमी असूनही त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. बाहेरून कृश, आतून मेदयुक्त अशा या शरीररचनेस ‘सडपातळ-स्थूल’ असे म्हटले जाते.

प्रौढांत हीच गोष्ट दाखवणारे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वतः याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) २२.३ इतकाच होता. परंतु मेदाचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. वजनकाटा भारतीय माणसाला कसा फसवतो, हे समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे.

यामुळेच भारतीयांसाठी स्थूलतेची मोजपट्टी कडक केलेली आहे. युरोपीय व्यक्तींमध्ये बीएमआय २५ च्या वर गेल्यास वजन अधिक समजतात, भारतीयांमध्ये ही मर्यादा २३ मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर याहून अधिक असणे धोक्याचे समजतात. साधी शिंप्याची टेप वजनकाट्यापेक्षा अधिक खरे सांगते, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींमध्ये ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ज्या मातांच्या रक्तात फॉलिक आम्ल अधिक पण ब१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनरोधाचे प्रमाण अधिक दिसले. म्हणजेच उतारवयातील मधुमेहाची बीजे गर्भावस्थेत पडू शकतात. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळात गर्भात असलेल्या व्यक्तींच्या अभ्यासातूनही असाच निष्कर्ष निघाला होता. पन्नाशीत त्यांच्या रक्तातील साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात, मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या मातांच्या पोटी जन्मलेली पिढी आता पन्नाशी ओलांडून गेली आहे. डच दुष्काळ काही महिन्यांचा होता आणि तोवर ती माणसे पोटभर जेवणारी होती. मराठवाड्यातील कुपोषण पिढ्यानपिढ्यांचे होते. म्हणून एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही या वयोगटाने आपल्या रक्तशर्करेकडे दुर्लक्ष करू नये, इतका बोध त्यातून निश्चित होतो.

वार्धक्याविषयीची देशव्यापी माहिती गोळा करणारा ‘लासी’ हा अभ्यासही महाराष्ट्रातूनच चालवला जातो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७–१८ मध्ये त्याची पहिली फेरी पार पाडली. पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींचा रक्तदाब, हाताच्या पकडीची ताकद, चालण्याची गती इत्यादी मोजमापे त्यात घेतली गेली.

मराठवाड्यातील आहार आणि प्रथिनांचा प्रश्न

ज्वारीची भाकरी, वरण किंवा आमटी, अंबाडी-मेथीसारखी पालेभाजी, शेंगदाण्याची अथवा जवसाची चटणी आणि करडईचे तेल असा मराठवाड्यातील पारंपरिक आहार आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकाच तंतुमय भाग असतो. तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. त्यामुळे भाकरी-वरणाची जोडी ही चवीइतकीच शास्त्राचीही जोडी आहे. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (सध्याचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) ज्वारीचे अनेक वाण विकसित केले. त्यांपैकी २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त यांचे प्रमाण नेहमीच्या वाणांहून अधिक आहे.

हे चित्र गेल्या काही दशकांत बदलले आहे. जायकवाडीच्या कालव्याने पाथरी, मानवत या भागांत ऊस आला, कोरडवाहू रानात सोयाबीन व कापूस वाढला आणि ज्वारी मागे पडली. रास्त भाव दुकानातून मिळणारा गहू-तांदूळ ताटात आला. दिवसातून चार-पाच वेळा साखरेचा चहा आणि त्यासोबत बिस्किटे हा ज्येष्ठांच्या दिनक्रमाचा भाग बनला. सोयाबीनमध्ये शेकडा ३६ ते ४० भाग प्रथिने असतात. डाळींतही इतकी नसतात. तथापि ज्या घराच्या अंगणात सोयाबीनच्या थप्प्या लागतात, त्या घरातील आजीच्या ताटात ते क्वचितच दिसते. सारे पीक आडतीवर जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केलेली आहे. वृद्धांच्या स्नायूंना तेवढीच प्रथिने मिळूनही कमी चालना मिळते. म्हणून वार्धक्याच्या आहारावर काम करणारे अनेक तज्ज्ञ त्यांच्यासाठी १.० ते १.२ ग्रॅम इतके प्रमाण सुचवतात. पंचावन्न किलो वजनाच्या ज्येष्ठ स्त्रीचा हिशेब केल्यास पहिल्या शिफारशीने सुमारे ४६ ग्रॅम आणि दुसऱ्या शिफारशीने ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने लागतात. तिच्या दिवसभराच्या आहारात दीडशे ग्रॅम ज्वारीचे पीठ (१५ ग्रॅम प्रथिने), तीस ग्रॅम तुरीची डाळ (साडेसहा ग्रॅम) आणि कपभर दूध (साडेसहा ग्रॅम) असेल, तर बेरीज अवघी २८ ग्रॅम होते. मूठभर शेंगदाण्यांतून सात, एका अंड्यातून सहा आणि तीस ग्रॅम सोयाबीनमधून सुमारे अकरा ग्रॅमची भर पडू शकते. दात पडलेले असल्यास शेंगदाण्याचा कूट, पातळ पिठले, मऊ उसळ, ताक किंवा दही हे पर्याय सोयीचे ठरतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे.

ज्येष्ठांच्या पोषणात सामाजिक रीतींचाही वाटा असतो. सर्वांचे जेवण आटोपल्यावर उरलेले खाण्याची सवय लागलेल्या स्त्रीच्या वाट्याला वरणाचा तळच येतो. विधवांच्या आहारावरील जुने निर्बंध आता शिथिल झाले असले, तरी ‘या वयात कशाला हवे’ ही भावना पुरती गेलेली नाही.

उपवास, रोजा आणि औषधे

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे उपवास ज्येष्ठ मंडळी निष्ठेने पाळतात. उपवासाला चालणारा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने शेकडा एक भागही नसतात. साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचा कूट हाच काय तो पोषक भाग होय. भगर व राजगिरा त्याहून सरस ठरतात. मधुमेह असलेल्या व्यक्तीला साबुदाणा खाल्ल्याने साखर वाढण्याचा, तर काहीच न खाल्ल्याने ती उतरण्याचा असा दुहेरी धोका असतो.

दुसरा धोका अधिक तातडीचा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारखी औषधे घेणाऱ्या व्यक्तीने गोळी घेऊन जेवण टाळल्यास रक्तातील साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, बोलणे असंबद्ध होणे ही त्याची लक्षणे आहेत. वृद्धांत ही लक्षणे पुष्कळदा भ्रम किंवा चक्कर समजली जातात. पाथरीसारख्या गावात, जेथे हिंदू व मुस्लिम कुटुंबे शेजारी राहतात, हा प्रश्न एकादशीइतकाच रमजानमध्येही उद्भवतो. रोजा ठेवू इच्छिणाऱ्या मधुमेहींनी रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात आणि साखर ७० च्या खाली गेल्यास रोजा तत्काळ सोडावा, अशी वैद्यकीय मार्गदर्शक सूचना आहे. बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक धर्मपंडितांचे मत आहे. आजारी व वृद्ध व्यक्तींना सूट देण्याची परंपरा दोन्ही धर्मांत आहे. अडचण सूट घेण्याच्या संकोचाची असते.

ब१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न उतारवयात पुन्हा समोर येतो. ते दूध, अंडी, मांस, मासे अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. वाढत्या वयात जठरातील आम्ल कमी झाल्याने त्याचे शोषण घटते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व आम्लपित्तावरील काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होते. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे मधुमेहाच्या किंवा वयाच्या नावावर खपून जातात. रक्ताच्या एका तपासणीने निदान होऊ शकते आणि उपचार स्वस्त आहे.

हालचाल व व्यायाम

स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात. जेवणानंतरच्या शतपावलीची उपयुक्तता यात आहे. केवळ शंभर पावलांऐवजी दहा-पंधरा मिनिटे चालल्यास तिचा परिणाम अधिक दिसतो.

चालण्याने ताकद मात्र फारशी वाढत नाही, त्यासाठी स्नायूंवर भार यावा लागतो. १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. या वयात स्नायू सुधारत नाहीत हा समज त्यामुळे खोटा ठरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ज्येष्ठांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, पाण्याची भरलेली बाटली उचलणे यांना खर्च काहीच नाही.

ग्रामीण भागात येथे एक विसंगती दिसते. खुरपणी व कापूसवेचणी करणाऱ्या वृद्ध स्त्रीचे शरीर दिवसभर हलते, पण झीज भरून काढण्याइतके अन्न तिला मिळत नाही. उलट निवृत्तिवेतन घेणाऱ्या गृहस्थाला अन्न मिळते, पण त्याची हालचाल पारावरच्या वर्तमानपत्रापर्यंत मर्यादित असते. दोघांनाही एकच सल्ला देणे व्यर्थ आहे.

आयुष्य वाढवण्याचे प्रयोग

अन्न कमी केल्यास उंदीर अधिक जगतात, हे क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये दाखवले. माकडांवरील दोन दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. अमेरिकेत प्रौढांवर झालेल्या दोन वर्षांच्या ‘कॅलरी’ नामक प्रयोगात आहार २५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात सुमारे १२ टक्के साधले. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आदींत सुधारणा झाली, पण स्नायूंचे वस्तुमानही काहीसे घटले. स्थूल नसलेल्या साठीपुढील भारतीयांनी या प्रयोगांचे अनुकरण करू नये. त्यांच्या बाबतीत सहा ते बारा महिन्यांत वजन विनाकारण पाच टक्क्यांहून अधिक घटणे हे तपासणीस कारण ठरते.

दीर्घायुष्याची चर्चा निघाली की महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे उदाहरण हमखास दिले जाते. त्यांचे राहणे साधे होते व चालणे भरपूर होते हे खरे. तथापि एका व्यक्तीवरून नियम सिद्ध होत नाही. आनुवंशिकता, बालपणीचे पोषण आणि जीवनाला असलेले प्रयोजन यांपैकी कशाचा वाटा किती, हे एका चरित्रातून वेगळे काढता येत नाही.

तपासणी

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाब तपासणी आरोग्य उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये येथे केली जाते. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ पासून सुरू आहे. गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर दर्शवणाऱ्या एचबीए१सी चाचणीचे लक्ष्य निरोगी ज्येष्ठांत साधारण ७ ते ७.५ टक्क्यांच्या खाली ठेवतात. अनेक व्याधी असलेल्या अशक्त वृद्धांत ८ टक्क्यांपर्यंत सैल सोडतात, कारण त्यांच्यासाठी साखर उतरण्याचा धोका अधिक असतो. लोह किंवा ब१२ यांच्या अभावाने रक्तक्षय झालेला असल्यास या चाचणीचा आकडा प्रत्यक्षाहून चढा येऊ शकतो. त्यामुळे हिमोग्लोबिन पाहिल्याविना केवळ त्या आकड्यावरून औषधाची मात्रा वाढवणे योग्य नसते.